जन्माची दुरुस्ती : चित्रकथाविश्वातील वंशवृक्ष आणि पूर्वलक्षी सत्याचा नैतिक प्रश्न

१

पुराणाची जी पाच लक्षणे परंपरेने सांगितली, त्यांतील 'वंश' आणि 'वंशानुचरित' ही दोन लक्षणे वंशावळीशी संबंधित आहेत. सृष्टी कशी झाली याइतकेच कोण कोणाचा पुत्र हेही कथेचे आद्य कर्तव्य मानले गेले, याचा हा पुरावा म्हणता येईल. वंशावळीमागे एक गृहीतकही असते. जन्म ही घडून गेलेली, म्हणून न बदलणारी घटना आहे आणि वंशावळ तिची केवळ नोंद करते, असे ते गृहीतक होय. नोंद चुकू शकते, ती कोणी मुद्दाम चुकीची करू शकतो. पण नोंद बदलल्याने जन्म बदलत नाही.

अमेरिकन चित्रकथांच्या दीर्घ मालिकांमध्ये हे गृहीतक नेमके उलटे होते. तेथे नोंद बदलली की जन्म बदलतो. नोव्हेंबर १९६१ या तारखेच्या 'फॅन्टास्टिक फोर'च्या पहिल्या अंकापासून मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने जे कथाविश्व उभे केले, ते साठांहून अधिक वर्षे अनेक लेखक-चित्रकारांच्या हातून अखंड लिहिले जात आहे. एकाच्या अंकात जे घडले ते दुसऱ्याच्या अंकातही घडलेले असते, ही या विश्वाची मूळ अट. तरीही पात्रांचे आईबाप पुन्हा पुन्हा बदलत राहिले आहेत. कायद्याच्या भाषेत एखादा नियम 'पूर्वलक्षी प्रभावाने' लागू होतो असे आपण म्हणतो. त्याच धर्तीवर या प्रकाराला 'पूर्वलक्षी दुरुस्ती' म्हणू. नवा अंक जुन्या अंकांत काय घडले होते हे आज ठरवतो, आणि ते पहिल्यापासून तसेच होते असे सांगतो.

अशा दुरुस्त्यांकडे आजवर मुख्यतः कोडी म्हणून पाहिले गेले. साठच्या दशकात मार्व्हलच्या पत्रव्यवहाराच्या पानांवर, एखादी विसंगती दाखवून ती विसंगती नाहीच असे पटवून देणाऱ्या वाचकाला एक नाममात्र बक्षीस दिले जाई. वाचक विसंगतीचा परिहार शोधण्यात रमला, हे स्वाभाविकच होते. मात्र प्रस्तुत निबंधाचा प्रश्न सुसंगतीचा नाही. जन्म बदलला म्हणजे त्या जन्मावर उभी असलेली देणीघेणी, अपराध आणि जबाबदाऱ्या यांचे काय होते, हा आपला प्रश्न आहे.

२

प्रथम एक प्रकरण तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. वांडा आणि पिएत्रो ही जुळी भावंडे स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या 'एक्स-मेन'च्या चौथ्या अंकात (मार्च १९६४) प्रथम अवतरली. मॅग्नेटो या खलपुरुषाच्या टोळीत ती नाइलाजाने राहतात. खवळलेल्या जमावापासून त्याने वांडाचा जीव वाचवलेला असतो आणि त्या उपकाराचे ओझे त्यांच्यावर असते. त्यांच्यात आणि मॅग्नेटोमध्ये रक्ताचे नाते असल्याची सूचना येथे नाही. पुढच्याच वर्षी ती 'अ‍ॅव्हेंजर्स' या नायकगटात दाखल झाली आणि सत्पक्षाची झाली.

१९७४ मध्ये रॉय थॉमस यांनी 'जायंट-साइझ अ‍ॅव्हेंजर्स'च्या पहिल्या अंकात त्यांना आईबाप दिले. चाळीसच्या दशकातील 'व्हिझर' आणि 'मिस अमेरिका' हे दोन जुने नायक त्यांचे जनक ठरले. १९७९ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या १८५ ते १८७ या अंकांत ही माहिती खोटी ठरली. वुंडागोर पर्वतावर बोव्हा नावाची, गायीपासून उत्क्रांत केलेली एक दाई आहे. ती सांगते की मुलांची खरी आई मॅग्डा नावाची स्त्री होती; प्रसूतीनंतर ती निघून गेली. त्याच सुमारास मिस अमेरिकेला मृत मूल झाले आणि तीही दगावली. अनाथ जुळ्यांना बाप मिळावा म्हणून बोव्हाने व्हिझरला ही मुले त्याचीच असल्याचे सांगितले. पण पत्नीच्या मृत्यूने तो सैरभैर होऊन पळून गेला. मग जँगो आणि मार्या मॅक्सिमॉफ या रोमा दांपत्याने त्यांना वाढवले. त्याच वर्षीच्या 'एक्स-मेन'च्या १२५ व्या अंकात मॅग्नेटो आपल्या हरवलेल्या पत्नीचे चित्र पाहताना दिसतो, आणि तिचे नाव मॅग्डा असते. वाचकाने दोन अंक शेजारी ठेवले की बाप कोण हे त्याला कळते. पात्रांना कळायला १९८३ साल उजाडावे लागले.

यानंतर सुमारे तीस वर्षे मॅग्नेटो हा त्यांचा बाप होता. तिरस्कार, समेट, पुन्हा दुरावा अशा असंख्य प्रसंगांतून हे नाते जगले गेले. २००५ च्या 'हाउस ऑफ एम' या मालिकेचा तर ते कणा आहे. आणि २०१४ च्या अखेरीस 'अ‍ॅक्सिस' या मालिकेत वांडा आपल्याच रक्ताच्या माणसांवर पडेल असा एक शाप उच्चारते. तो पिएत्रोला लागतो आणि मॅग्नेटोला लागत नाही. एवढ्यावरून तो बाप नाही हे सिद्ध होते. पुढच्या वर्षी हाय इव्होल्यूशनरी या शास्त्रज्ञाने भावंडांवर बालपणीच प्रयोग केले होते असे उघड झाले, आणि २०१६ च्या 'स्कार्लेट विच' या मालिकेत जेम्स रॉबिन्सन यांनी त्यांना नवी आई दिली : जँगोची बहीण नताल्या. ज्यांना आपण दत्तक आईबाप समजत होतो, ते सख्खे मामा-मामी निघाले.

२०१४ आणि २०१५ या वर्षांत पिएत्रो दोन वेगळ्या निर्मितिसंस्थांच्या दोन चित्रपटांत आला. एकीकडे 'एक्स-मेन'चे चित्रपटहक्क होते आणि दुसरीकडे 'अ‍ॅव्हेंजर्स'चे. वंशावळीतील बदल आणि हक्कांची ही विभागणी यांचा संबंध अनेक वाचकांनी जोडला. तो कार्यकारणसंबंध होता की योगायोग, यावर आपला युक्तिवाद अवलंबून नाही. या विश्वात एखाद्याचा बाप कोण हे ठरवण्याचा अंतिम अधिकार लेखकाकडे नसून मालकाकडे असतो, एवढे लक्षात घेणे पुरेसे आहे. त्याच २०१४ सालात जॅक कर्बींच्या वारसांचा मार्व्हलशी चाललेला दीर्घ वाद तडजोडीने मिटला, आणि पुढील अंकांवर लींच्या बरोबरीने कर्बींचे नाव निर्माता म्हणून छापले जाऊ लागले. कागदावरच्या बापाचे पितृत्व रद्द व्हावे आणि पात्रांना जन्म देणाऱ्या चित्रकाराचे पितृत्व मृत्यूनंतर वीस वर्षांनी मान्य व्हावे, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या.

३

येथे पहिला प्रश्न तर्काचा आहे. सॉल क्रिपकी यांनी १९७० मधील आपल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले होते की व्यक्तीचा उगम तिच्यासाठी अनिवार्य असतो. एखादी व्यक्ती वेगळा व्यवसाय करू शकली असती, वेगळ्या देशात राहू शकली असती. परंतु ती वेगळ्या आईबापांच्या पोटी जन्माला आली असती असे म्हणणे म्हणजे वेगळ्याच व्यक्तीविषयी बोलणे होय. हा सिद्धांत कागदावरच्या माणसांना लावला, तर १९६४ ची निनावी आईबापांची वांडा, १९७४ ची वांडा, १९७९ ची वांडा आणि २०१६ ची वांडा या चार वेगळ्या स्त्रिया ठरतील. पण कोणताही वाचक असे मानत नाही. ज्या वांडाने मॅग्नेटोच्या टोळीत अपमान सोसला, तीच अ‍ॅव्हेंजर्समध्ये आली, तिनेच विवाह केला, तिनेच 'हाउस ऑफ एम'मध्ये उत्परिवर्तितांची शक्ती एका वाक्याने नष्ट केली. कल्पित व्यक्तीची अनन्यता तिच्या उगमात नसते. ती तिच्या कृतींच्या साखळीत, आणि ती साखळी लक्षात ठेवणाऱ्या वाचकाच्या स्मृतीत असते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. या मालिका 'भूतकाळ बदलला' असे सहसा म्हणत नाहीत. 'तुम्हांला आजवर चुकीचे सांगितले गेले' असे त्या म्हणतात. घडलेले न घडलेले करणे देवालाही अशक्य आहे, हे अ‍ॅरिस्टॉटलने एका जुन्या नाटककाराच्या आधाराने नोंदवलेले मत या मालिकांना जणू मान्य आहे. म्हणून जुना अंक त्या पुसत नाहीत; त्याचा दर्जा बदलतात. जे निवेदन होते ती साक्ष होते, आणि साक्ष खोटी असू शकते. १९७४ ची कथा १९७९ मध्ये बोव्हाची थाप ठरली. १९७९ ची कथा पुढे हाय इव्होल्यूशनरीच्या कारस्थानात जमा झाली.

यातून एक नियम हाती लागतो. संहितेतील चूक कधी नाहीशी होत नाही. ती प्रकाशकाच्या खात्यातून एखाद्या पात्राच्या खात्यावर वळती केली जाते. लेखकाचा विचार बदलला, संपादकाचे धोरण बदलले, हक्कांचा व्यवहार झाला, तर त्याची किंमत म्हणून कथेतील कोणीतरी खोटारडा, फसवणारा किंवा फसलेला ठरावा लागतो. बोव्हाने केलेली करुणेची कृती ही वस्तुतः दोन लेखकांमधील मतभेदाची पावती आहे. तिने खोटे बोलावे अशी कथेची गरज नव्हती. आधीचा अंक छापून झाला होता, एवढीच गरज होती. वंशवृक्षाच्या कोड्यांत नैतिकतेचा शिरकाव होतो तो या ठिकाणी. दुरुस्ती निरागस राहत नाही, कारण तिला नेहमी एक अपराधी लागतो.

४

यावर एक उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वी दिले गेले आहे. पुराणांतील परस्परविरुद्ध कथांचा आणि वंशावळींचा मेळ घालताना टीकाकार 'कल्पभेद' या तत्त्वाचा आश्रय घेतात : दोन्ही कथा खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या कल्पांत घडल्या. एकाला खोटे पाडण्याऐवजी दोघांना दोन काळ वाटून दिले जातात. याउलट, एफ. ई. पार्गिटर यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात पुराणांतील राजवंशांच्या याद्या पारखून त्यांतून एकच ऐतिहासिक क्रम काढण्याचा प्रयत्न केला. पहिली दृष्टी अनेक सत्यांना जागा करून देते, दुसरी एकाच सत्याचा आग्रह धरते.

मार्व्हलची प्रतिस्पर्धी संस्था डीसी हिने या दोन्ही दृष्टी क्रमाने अवलंबिल्या. 'द फ्लॅश'च्या १२३ व्या अंकात (१९६१) तिने जाहीर केले की चाळीसच्या दशकातील नायक एका वेगळ्या पृथ्वीवर राहतात. हा चित्रकथेतील कल्पभेदच होय. त्या दुसऱ्या पृथ्वीवर बॅटमॅन प्रौढ झाला, कॅटवुमनशी त्याचा विवाह झाला आणि त्यांना हेलेना वेन ही मुलगी झाली. १९७७ मध्ये ती 'हंट्रेस' या नावाने वाचकांसमोर आली. एका पृथ्वीवरचा बॅटमॅन चिरतरुण राहावा आणि दुसरीवरचा बाप व्हावा, यात कोणताही विरोध उरला नाही. परंतु १९८५-८६ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या मालिकेने अनेक पृथ्वी मोडून एक केली. हेलेना वेन त्या संहारात मरण पावते, आणि नव्या एकसंध इतिहासात तिच्या जन्मालाच जागा उरत नाही. १९८९ मध्ये हंट्रेस परत आली ती हेलेना बर्टिनेली म्हणून, गुन्हेगारी घराण्यातील मुलगी म्हणून. नाव, मुखवटा आणि उपाधी राहिली, कन्या गेली.

तिच्या मृत्यूचा शोक करता येतो, पण ती कधी जन्मलीच नव्हती असे एकदा ठरले की शोक करणारे कोणी कथेत उरत नाही. तो शोक केवळ वाचकाकडे राहतो, आणि जग ज्याला मान्यता देत नाही असा तो शोक असतो. कल्पभेदाचे तत्त्व पळवाट वाटू शकते. वस्तुतः त्यात एक औदार्य आहे. ज्याची कथा सांगितली गेली त्याला 'तू नव्हतासच' असे ते म्हणत नाही. सुसंगतीचा आग्रह बौद्धिकदृष्ट्या अधिक प्रामाणिक दिसतो, पण त्याचे बळी असतात.

५

आपल्या प्रश्नाचा सर्वांत कठीण भाग मात्र जुळ्यांच्या प्रकरणात नाही. तो मॅडलिन प्रायर हिच्या प्रकरणात आहे.

'एक्स-मेन'मधील जीन ग्रे १९८० मध्ये, १३७ व्या अंकात, मरण पावली. फिनिक्स या रूपात तिने एका सूर्याचा नाश केला होता आणि त्याच्या ग्रहावरील पाच अब्ज जीव मारले गेले होते. एवढ्या मोठ्या संहारानंतर तिला शिक्षा न होता कथा पुढे जाऊ नये, असा आग्रह तत्कालीन मुख्य संपादक जिम शूटर यांनी धरला. म्हणून आधी ठरलेला शेवट बदलून तिला मरण दिले गेले. तिचा प्रियकर स्कॉट समर्स याला १९८३ मध्ये मॅडलिन भेटली. ती हुबेहूब जीनसारखी दिसते, पण ती वेगळी स्त्री आहे, वैमानिक आहे, अलास्कात राहते. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. १९८६ च्या आरंभी त्यांना नेथन हा मुलगा झाला.

त्याच सुमारास प्रकाशकांनी जीनला परत आणायचे ठरवले. मेली ती जीन नव्हतीच. तिचे रूप घेतलेली एक वैश्विक शक्ती होती आणि खरी जीन न्यूयॉर्कच्या जमैका बे या खाडीच्या तळाशी सुप्तावस्थेत होती, असा खुलासा झाला. पाच अब्ज जिवांच्या हत्येचा दोष अशा रीतीने एका क्षणात जीनच्या नावावरून उतरला. ज्या शिक्षेसाठी शेवट बदलला होता, ती शिक्षा भोगणारी व्यक्ती अपराधी नव्हती आणि मेलीही नव्हती. 'एक्स-फॅक्टर'च्या पहिल्या अंकात (फेब्रुवारी १९८६) जीन जिवंत असल्याचे कळताच स्कॉट पत्नीला आणि तान्ह्या मुलाला सोडून निघून जातो.

वाचकांच्या दृष्टीने नायकाची ही कृती सावरण्यासारखी नव्हती. १९८८-८९ मधील 'इन्फर्नो' या कथामालिकेने ती सावरली. मॅडलिन ही मुळात मानवी आईबापांची मुलगी नव्हती. मिस्टर सिनिस्टर या खलपुरुषाने जीनच्या पेशींपासून तिला घडवले होते, स्कॉटकडून अपत्य मिळवण्याच्या हेतूने. तिच्या बालपणाच्या आठवणीही रचलेल्या. यावर कडी म्हणजे ती राक्षसी शक्तींशी हातमिळवणी करते, स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघते, आणि शेवटी मरते.

येथे वंशावळीत झालेला बदल एका वाक्याचा आहे : तिला आईबाप नाहीत. त्याचा परिणाम मात्र असा की पतीने टाकलेली पत्नी ही 'खरी' पत्नी राहत नाही. सोडून जाणे हा अपराध उरत नाही, ती एका सापळ्यातून झालेली सुटका ठरते. मागे पाहिलेल्या नियमाप्रमाणे दोष वळता झाला, पण तो यावेळी एखाद्या दुय्यम दाईच्या नावावर पडला नाही. जिच्यावर अन्याय झाला तिच्याच नावावर पडला. स्कॉटने जे केले ते तसेच छापलेले आहे. मॅडलिन काय होती एवढेच बदलले गेले, आणि नायकाच्या वर्तनाचा न्यायनिवाडा त्यानेच पालटला.

आपल्याकडे जन्माचे रहस्य उलगडण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग कर्णाचा. युद्धापूर्वी कृष्ण आणि नंतर कुंती त्याला त्याचा जन्म सांगतात. कर्ण ते सत्य नाकारत नाही. पण अधिरथ आणि राधा यांनी दिलेले वात्सल्य आणि दुर्योधनाशी असलेले सख्य या सत्याने रद्द होते, हे तो नाकारतो. उलट त्या सत्यामुळे त्याच्यावर एक नवे बंधन येते. अर्जुनाखेरीज चौघांना न मारण्याचे वचन तो देतो. युद्धानंतर कुंती जेव्हा पांडवांना हे सांगते, तेव्हा युधिष्ठिराच्या वाट्याला मुक्ती येत नाही, पश्चात्ताप येतो, आणि मृतांच्या जलांजलीत एक अंजली वाढते. महाभारतात जन्माचे रहस्य कळणे म्हणजे ऋण वाढणे. 'इन्फर्नो'त जन्माचे रहस्य कळणे म्हणजे ऋण फिटणे. दोन्ही ठिकाणी उलगडा तोच, त्याची नैतिक दिशा मात्र विरुद्ध.

महाभारतात कर्णजन्म आदिपर्वातच सांगितलेला आहे, तो मागाहून सुचलेला नाही, असा भेद कोणी दाखवील. तो भेद खरा आहे, पण निर्णायक नाही. मागाहून सुचलेली वंशावळही ऋण वाढवू शकते. मॅग्नेटोला १९८३ मध्ये मिळालेले पितृत्व तसेच होते. ज्या मुलांना त्याने टोळीतील प्यादी म्हणून वापरले ती त्याची स्वतःची मुले होती, हे कळल्याने त्याचा जुना अपराध हलका झाला नाही, जड झाला. त्या क्षणापासून १९६४ चे अंक पुन्हा वाचणे अधिक वेदनादायक होते. म्हणून दुरुस्ती मागाहून झाली की नाही यापेक्षा तिने कोणाचे देणे बुडवले, हा निकष अधिक मोलाचा ठरतो.

६

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला असा की हे सारे व्यापारी करमणुकीचे साहित्य आहे. त्यातील विसंगती उत्पादनाच्या गरजांतून येते, तिला नीतिशास्त्र लावणे अनाठायी होय. उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्येच सुपरमॅनविषयी दाखवून दिले होते की अशा कथांतील काळ स्वप्नासारखा धूसर ठेवावा लागतो, कारण नायकाने काही कायमचे केले तर तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकतो आणि मालिका संपते. परंतु मार्व्हलचे वेगळेपण नेमके हेच की तिने पात्रांना स्मृती दिली. 'फॅन्टास्टिक फोर'मधील विवाह १९६५ मध्ये झाला तो झालाच, १९६८ मध्ये मूल जन्मले ते जन्मलेच. वाचकाला 'लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल' असे सांगून त्याची निष्ठा मिळवायची, आणि अडचण आली की लक्षात ठेवलेले खोटे होते असे म्हणायचे, हा व्यवहार केवळ व्यापारी राहत नाही. त्यात एक वचन आहे, आणि वचन असते तेथे वचनभंगही असतो.

या विश्वात काळ सरकता ठेवण्याची युक्ती आहे. नायकांचा आरंभ नेहमी 'काही वर्षांपूर्वी' झालेला असतो; साठच्या दशकातील प्रसंग वाचकाच्या वर्तमानाबरोबर पुढे सरकत राहतात. पण एक तारीख सरकत नाही. १९८१ मध्ये 'अन्कॅनी एक्स-मेन'च्या १५० व्या अंकात ख्रिस क्लेअरमॉंट यांनी मॅग्नेटोला आउश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेला ठरवले. २००८-०९ च्या 'मॅग्नेटो : टेस्टामेंट'मध्ये ग्रेग पाक यांनी त्याचे मॅक्स आयझेनहार्ट हे नाव आणि जर्मनीतील ज्यू कुटुंब अभ्यासपूर्वक उभे केले. पत्नी, मुले, शक्ती, निष्ठा, वय, सर्व काही बदलले. १९७४ मध्ये तर त्याला एकदा तान्हे मूल करून पुढे पुन्हा तरुण केले गेले. तो दरवर्षी अधिकाधिक वृद्ध असायला हवा ही अडचण त्यामुळे काहीशी सुटली. ती छावणी मात्र कोणी पुढच्या दशकात सरकवली नाही. तसे करणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. ते लज्जास्पद ठरेल, म्हणून कोणी करत नाही. या विश्वालाही सीमा आहे, आणि ती तर्काची नसून नीतीची आहे, याचा हा पुरावा. जे खरोखर मेले त्यांच्या भूतकाळाला पूर्वलक्षी दुरुस्ती लागू होत नाही, हे व्यापारालाही कळते.

दुसरा आक्षेप असा की वंशाविषयी नवा तर्क करण्याचा अधिकार वाचक आणि समीक्षकही घेतात, मग लेखकालाच दोष का द्यावा? इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) विदुर हाच धर्मराजाचा जनक असावा असा तर्क मांडला होता. तोही एका अर्थाने वंशवृक्षातील बदलच. पण या दोहोंत मूलभूत भेद आहे. कर्वे संहितेतील सूचना, नियोगाची प्रथा आणि विदुराच्या अंतकाळीचा प्रसंग यांचे पुरावे वाचकापुढे ठेवतात. तो तर्क न पटणाऱ्याला महाभारत तसेच शिल्लक राहते. प्रकाशनसंस्थेची दुरुस्ती युक्तिवाद करत नाही, ती आज्ञा देते, आणि पुढचा प्रत्येक अंक त्या आज्ञेवर उभा राहतो. भाष्यकार जन्माविषयी बोलतो. मालक जन्म देतो आणि काढून घेतो.

तरीही मालकाच्या अधिकाराला एक मर्यादा आहे, आणि ती वर सांगितलेल्या अनन्यतेतून निघते. पात्र हे त्याच्या उगमापेक्षा त्याच्या कृतींनी ओळखले जात असेल, तर उगम बदलल्याने कृतींचा हिशेब मिटत नाही. २०१४ च्या शापाने मॅग्नेटो आणि जुळी यांच्यात रक्त नाही हे सिद्ध केले. तीस वर्षे तो त्यांच्याशी बाप म्हणून वागला, बाप म्हणून चुकला, आणि ती दोघे मुलांसारखी त्याच्यावर संतापली, यातील कशालाही तो शाप पोहोचत नाही. शापाच्या कसोटीने केवळ जीवशास्त्र मोजले. नाते मोजण्याचे साधन तिच्यात नव्हते. स्कॉट समर्सनेही एका स्त्रीला पत्नी मानले आणि तिला सोडले. ती कशापासून घडवली होती हे त्याला त्या दिवशी ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याचे जाणे त्या दिवशी जे होते तेच आजही आहे. अज्ञात सत्याच्या आधारे ज्ञात कर्तव्यातून सुटका मिळत नाही.

या मालिकांच्या वाचकाने, आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्याने, प्रत्येक नव्या खुलाशाला विचारावा असा प्रश्न म्हणून एकच उरतो. जुने अंक आणि हा अंक जुळतात काय, हा प्रश्न कुशल लेखक केव्हाही सोडवील. खुलाशापूर्वी कोण कोणाचे देणे लागत होते आणि खुलाशानंतर ते देणे कोणाच्या नावावर आहे, हे मात्र वाचकालाच तपासावे लागते. ते अपराध्याकडून काढून पीडिताच्या नावावर टाकले गेले असेल, तर वंशवृक्ष कितीही नीट जुळत असला तरी तो स्वीकारण्याचे बंधन वाचकावर नाही. १९८६ चा तो अंक त्याच्या संग्रही आहे, आणि त्यात मॅडलिन अजून एका टाकलेल्या घरात मुलाला घेऊन बसलेली आहे.